वाढलं नाही म्हणजे चांगलंच ना?

सॉफ्टवेअरच्या नोकरीत पहिल्या आठवड्यात जे काही शिकवतात त्यातलं बहुतेक आपण विसरतो, पण एक गोष्ट अंगात मुरते. प्रॉडक्शनला थेट हात लावायचा नाही. लोक प्रत्यक्ष वापरतायत ती सिस्टीम बाजूला ठेवायची, तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या मशिनवर उभी करायची, जी काय मोडतोड करायची ती तिथे करायची. तिथे सगळं नीट चाललं की मगच बदल पुढे पाठवायचा. या नकलेला स्टेजिंग म्हणतात. मी सहा वर्षं हेच करतोय. माझ्या हातून स्टेजिंगवर इतक्या गोष्टी कोसळल्यात की त्या प्रॉडक्शनवर कोसळल्या असत्या तर आज मी घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटचा ईएमआय भरत नसतो.

म्हणून ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये एका लॅबचा प्रतिनिधी जेव्हा आम्हाला म्हणाला, "सर, पेशंटच्या गाठीचा तुकडा घेऊन तो लॅबमध्ये वाढवतो आणि औषधं आधी त्याच्यावर टाकून बघतो," तेव्हा मला पटवायची गरजच पडली नाही. बाबा माझ्याकडे बघत होते. घरातला इंजिनीअर मी. वायफाय बंद पडलं, पॅन-आधार लिंक करायचंय, सोसायटीचं ॲप उघडत नाहीये, तसंच हेही. "तू बघ," म्हणाले.

पेशंट म्हणजे माझी आत्या, बाबांची मोठी बहीण. डोंबिवलीच्या एका मराठी शाळेत तिने अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं. लग्न केलं नाही. आदल्या वर्षी तिची मोठ्या आतड्यातली गाठ काढली होती, मग केमो झाली. ती तिने शाळेच्या वेळापत्रकासारखी पार पाडली, एकही तास न चुकवता. आता स्कॅनमध्ये लिव्हरवर डाग दिसत होते. हॉस्पिटल जवळ पडावं म्हणून तिला माझ्याकडे कासारवडवलीला आणून ठेवलं होतं. चौदावा मजला, एका खिडकीत येऊरचा डोंगर, दुसऱ्या खिडकीत मेट्रोचे खांब. तिला दोन्ही आवडायच्या नाहीत. "खाली कोण चाललंय ते दिसतच नाही," म्हणायची. डोंबिवलीत ती पहिल्या मजल्यावर राहायची आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांच्या चपलांच्या आवाजावरून ओळखायची.

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. पहिली केमो पुरी पडली नाही, आता दुसरी सुरू करू, तिच्यात इरिनोटेकॅन नावाचं औषध असेल. टेस्टचं विचारलं तर म्हणाले, "करायची तर करा, पण तिच्यासाठी थांबू नका."

आम्ही थांबलो. मी थांबवलं. टेस्ट न करता डिप्लॉय कसं करणार?

आता ही कल्पना काय आहे ते सांगतो, कारण ती खरोखर सुंदर आहे आणि माझ्या रागाचा विषय ती नाही. कॅन्सरचं औषध ठरतं ते सरासरीवर. शेकडो लोकांवर चाचणी होते, समजा त्यातल्या शंभरात चाळीस जणांची गाठ लहान होते, आणि औषध चांगलं ठरतं. तुम्ही त्या चाळीसात आहात की उरलेल्या साठात, हे औषध घेतल्यावर दोन-तीन महिन्यांनी कळतं. तोवर उलट्या, जुलाब, तोंड येणं हे सगळं दोन्ही गटांना सारखंच. मग त्या माणसाच्याच गाठीची नक्कल करून तिला आधी विचारलं तर?

पहिला मार्ग उंदराचा. ज्याच्यात प्रतिकारशक्तीच उरलेली नाही असा उंदीर घ्यायचा, त्याच्या कातडीखाली रुग्णाच्या गाठीचा तुकडा लावायचा आणि तो वाढू द्यायचा. अशा उंदरांना तिकडे 'अवतार' म्हणतात. शब्द आपला, पण आपल्या कुठल्याही अवताराच्या वाट्याला हे आलेलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने २०१६ मध्ये औषधांच्या चाचणीसाठी वर्षानुवर्षं वापरलेले साठ पेशीवंश बाजूला ठेवून अशा रुग्णांकडून आलेल्या नमुन्यांकडे वळायचं ठरवलं, इतका या पद्धतीला मान आहे. पण गाठ उंदरात रुजायला आणि वाढायला महिने लागतात, आणि लिव्हरवर डाग असलेल्या माणसाकडे महिने नसतात. शिवाय २०१७ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की उंदरात वाढता वाढता गाठ बदलत जाते. ती उंदराला सरावते. नक्कल मूळ प्रतीपासून हळूहळू दूर जाते.

दुसरा मार्ग ऑर्गनॉइडचा. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो या जपानी संशोधकाने उंदराच्या आतड्यातल्या मूळपेशी एका जेलमध्ये वाढवल्या, तर त्यांनी आपण होऊन छोटंसं आतडंच रचलं. पुढे हेच माणसाच्या गाठींबाबतही जमलं. वाळूच्या कणाएवढे, पण गाठीची घडण आणि तिच्या जनुकांतले बिघाड बऱ्याच अंशी जपणारे गोळे. ते ज्या जेलमध्ये सहसा वाढवतात तेही उंदराच्या एका गाठीपासून काढलेलं असतं. म्हणजे माणसाच्या गाठीची नक्कल करायला उंदराची गाठ लागते. हे वाचलं तेव्हा मी फोन खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

२०१८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये एक पेपर छापला. पोट आणि आतड्याचा कॅन्सर शरीरात पसरलेले ७१ रुग्ण, त्यांच्या ११० बायोप्सी. ऑर्गनॉइडने दिलेलं उत्तर आणि रुग्णाच्या शरीरात प्रत्यक्ष घडलेली गोष्ट ताडून पाहिली. जिथे ऑर्गनॉइड म्हणाला 'हे औषध चालणार नाही', तिथे ते रुग्णातही चाललं नाही, शंभर टक्के. जिथे तो म्हणाला 'चालेल', तिथे अठ्ठ्याऐंशी टक्के वेळा चाललं. तुलना मोजक्याच होत्या, पण आकडे डोळे दिपवणारे होते. लॅबच्या ब्रोशरवर असेच आकडे होते. त्यांच्याखालचा 'मोजक्याच' मला नंतर सापडला.

त्या दोन आकड्यांमधला फरक मला तेव्हा बारीकसा वाटला. आता वाटतं की सगळा प्रश्न तिथेच आहे. बशीतल्या गोळ्याला लिव्हर नसतं, किडनी नसते, रक्तवाहिन्या नसतात, डायबेटिस नसतो. औषध थेट त्याच्या अंगावर ओतलेलं असतं. इतकं करूनही तो मेला नाही, तर शरीराच्या आत, अर्ध्या वाटेत विरलेल्या औषधाने तो मरेल ही आशा फोल आहे. त्यामुळे त्याचं 'नाही' भरवशाचं. पण तो बशीत मेला म्हणून शरीरातही मरेल असं काही नाही. औषध तिथवर पोचायला हवं, पुरेसं पोचायला हवं आणि पोचेपर्यंत माणूस टिकायला हवा. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१५ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये मांडलेल्या पद्धतीत गाठीचे पातळ काप त्याच रुग्णाच्या रक्तद्रवात ठेवले होते, ते यासाठीच: गाठ एकटी जगत नाही, तर तिला एकटीला विचारू नका. आमच्या कामातही, आपापल्या जागी हिरव्या झालेल्या टेस्ट एकत्र आल्यावर काय करतात हे ज्याने शुक्रवारी संध्याकाळी पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि मग नेदरलँड्समधली २०२१ ची चाचणी. या वेळी नुसतं ताडून पाहिलं नाही, ऑर्गनॉइडने सुचवलेलं औषध रुग्णाला खरोखर दिलं. आतड्याचा कॅन्सर, नेहमीचे उपचार संपलेले, ६१ रुग्ण. ५४ जणांपैकी ३१ जणांच्या पेशी लॅबमध्ये वाढल्या. २५ नमुन्यांवर औषधं तपासली. १९ नमुन्यांनी कुठल्या ना कुठल्या औषधाला चांगली दाद दिली. त्यातून प्रत्यक्ष औषधापर्यंत पोचले ६ जण. सहापैकी एकाचीही गाठ मोजण्याइतकी आटली नाही.

हे छापणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. अपयश असं आकड्यांत मांडून जगासमोर ठेवणं सोपं नसतं. आणि हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. १९७७-७८ मध्येही अमेरिकेत रुग्णाच्या गाठीच्या पेशी बशीत वाढवून औषध निवडायची अशीच मोठी लाट आली होती. पुढे तिथल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ आणि परत २०११ मध्ये अशा चाचण्या तपासल्या आणि सांगितलं की संशोधनाबाहेर, रोजच्या उपचारात त्यांच्यावर निर्णय घेऊ नयेत. आताचं तंत्र त्यापेक्षा फार पुढचं आहे. २०२३ मध्ये भारत सरकारनेही औषधचाचणीचे नियम बदलून प्राण्यांऐवजी ऑर्गनॉइडसारख्या पद्धती वापरायची मोकळीक दिली. पुण्यात आयसर आणि प्रशांती कॅन्सर केअर मिशन मिळून स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांनी दिलेल्या नमुन्यांवर काम करतात. उद्या हे चालेल, बहुधा चालेलच. पण आत्याला 'उद्या' नको होता, आणि हे सगळं मी वाचलं ते नंतर. आधी वाचलं होतं ते ब्रोशर.

फॉर्म सहा पानांचा होता, इंग्रजीत. मी तो माझ्या पद्धतीने वाचला, म्हणजे खाली स्क्रोल करून 'आय ॲग्री' शोधतात तसा. शेवटून दुसऱ्या पानावर एक चौकोन होता: उरलेला नमुना संशोधनासाठी वापरायला हरकत नाही. टिक केली. नात्याच्या रकान्यात 'भाचा' लिहिलं आणि सही केली. आत्या तेव्हा दोन खुर्च्या सोडून बसली होती, पर्स मांडीवर घेऊन.

तिला का दिला नाही फॉर्म? कारण तिला सांगितलंच नव्हतं. "लिव्हरला सूज आहे, सुई घालून बघतील," एवढंच. हा बाबांचा निर्णय होता आणि मला तो तेव्हा चुकीचा वाटला नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच करतात. पेशंट आत गेला की कुटुंब डॉक्टरांच्या मागे धावतं आणि दबक्या आवाजात म्हणतं, "त्यांना सांगू नका, खचतील." यात प्रेम असतं, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी जे घडलं ते नीट बघा. आत्याच्या लिव्हरचा तुकडा तिच्यातून बाहेर आला, थंड डब्यात बसून दुसऱ्या शहरात गेला, तिथे त्याला आठ औषधं दाखवायची असं ठरलं, त्याचं पुढे काय करायचं यावर सही झाली, आणि ज्या बाईचा तो तुकडा होता तिला तो कसला आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. आयसीएमआरची २०१७ ची नीतिनियमावली सांगते की दिलेल्या नमुन्याचा मालक तो देणारा माणूसच असतो, संस्था फक्त विश्वस्त. चांगलं वाक्य आहे. पण मालकाला आपण काहीतरी दिलंय हे माहीत असेल, असं त्यात गृहीत धरलंय.

हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचा एक धागा मराठी घरात येतो. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता घेतला गेला आणि जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पोचला. तिथे तो वाढला, वाढतच राहिला. माणसाच्या शरीराबाहेर अखंड वाढलेल्या या पहिल्या पेशी, हेला. बाई त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेल्या. पेशी आजही आहेत, पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातही आहेत. गे यांनी त्या विकल्या नाहीत, मागेल त्याला फुकट वाटल्या. विकल्या त्या पुढच्यांनी, आणि लॅक्स कुटुंबाने त्यातल्या एका कंपनीशी तडजोड केली ती थेट २०२३ मध्ये.

याच गे यांच्या प्रयोगशाळेत पुण्याची एक मुलगी पेशी वाढवायला शिकली. कमल समर्थ, लग्नानंतर कमल रणदिवे. हुजूरपागा, फर्ग्युसन, मग मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी. बाल्टिमोरहून परत येऊन त्यांनी परळच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात, म्हणजे आज खारघरला असलेल्या ॲक्ट्रेकच्या पूर्वजात, ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातली ती पहिली मानली जाते. १९७३ मध्ये त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढली, १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २०२१ मध्ये गूगलने त्यांचं डूडल केलं, तेव्हा मी ते ऑफिसात पाहून पुढे सरकवलं होतं. आज गाठीचा तुकडा भारतात बशीत वाढतो, त्याची वाट त्यांच्या बाकावरून गेलेली आहे. त्या बाकाला मी नमस्कारच करीन. पण तंत्र ज्या वाटेने आलं त्याच वाटेने ती न विचारण्याची सवयही आली की काय, असं वाटत राहतं. की ती आपल्याकडे आधीपासूनच होती, आणि इथे तर डॉक्टरांनासुद्धा काही करावं लागत नाही, घरचेच करतात?

टेस्टचे पैसे माझ्या दोन पगारांएवढे होते. रिपोर्टला साधारण तीन आठवडे लागतील असं सांगितलं होतं. श्रावण अर्धा झाला होता. आत्याच्या डोंबिवलीच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो, आजोबांपासूनचा, आणि आजी गेल्यापासून तो एकट्या आत्याचा. त्या वर्षी बाबांनी मूर्तीचं बुकिंग परस्पर रद्द केलं. रिपोर्ट कधीही येईल, आला की लगेच ॲडमिट, शिवाय गर्दी, इन्फेक्शन. "पुढच्या वर्षी दीडाचे पाच करू," असं तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. चतुर्थीला आम्ही माझ्या फ्लॅटमध्ये मोदक मागवले. खाली घोडबंदर रोडवर ढोल वाजत होते आणि चौदाव्या मजल्यावर त्यांचा नुसता थरथराट येत होता. मी दिवसातून चार वेळा मेल बघत होतो.

फोन आला तो त्यानंतर पाच दिवसांनी. संध्याकाळ होती, मी कणीक मळत होतो, म्हणून स्पीकर लावला. आत्या टेबलाशी मेथी निवडत बसली होती.

"सर, सॉरी, सँपल ग्रो झालं नाही. रिपोर्ट देता येणार नाही."

मी हात धुवायला वळलो. मागून आत्याने विचारलं, "काय वाढलं नाही?"

"तुझं ते सँपल. लॅबमध्ये."

"वाढलं नाही म्हणजे चांगलंच ना?"

गणिताच्या बाईंचं तर्कशास्त्र अचूक होतं. ज्या गोष्टीने वाढू नये म्हणून एवढा आटापिटा चालला होता, ती वाढली नाही म्हणून मी तोंड पाडून उभा होतो. लॅबमध्ये ती वाढत नव्हती आणि चार फुटांवर मेथी निवडणाऱ्या आत्याच्या पोटात वाढत होती.

मग सांगितलं. सगळं सांगितलं, बाबांना न विचारता. ती मेथी निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "मला वाटलंच होतं. सुजेसाठी कोणी एवढे कागद करत नाही." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे हे तीन आठवडे आपण कशाची वाट बघत होतो?"

"टेस्टची. तुझ्या गाठीवर कुठलं औषध चालेल ते बघायचं होतं."

"तिला आठ औषधं देऊन बघणार होते?"

"हो."

"आणि मला विचारलं असतंत तर मी काय म्हटलं असतं, सांग."

मला सांगता आलं नाही. म्हणून तिनेच सांगितलं. "गणपती करून येते, म्हटलं असतं. मग द्या काय द्यायचं ते."

हे ऐकून मी आधी अक्षरशः हिशेब केला. तिला विचारलं असतं तरी केमो तेवढीच उशिरा सुरू झाली असती. तीन आठवडे ते तीनच आठवडे. नंतर डॉक्टरही म्हणाले की त्या तीन आठवड्यांनी फरक पडला नसता, मनाला लावून घेऊ नका. असेलही. ते तपासायला दुसरी आत्या नाही, जिची केमो श्रावणातच सुरू झाली. पण वैद्यकीय हिशेबात काही बिघडलं नाही असं धरलं तरी माझी टोचणी जात नाही. कारण तेवढेच दिवस तिने डोंबिवलीत घालवले असते, तांदळाची पिठी मळत, आरतीला गल्ली गोळा करत. मी ते तिच्याकडून घेतले आणि एका बशीला दिले.

तर मला जे म्हणायचंय ते असं. गाठीची नक्कल करता येते आणि तिला औषधांबद्दल विचारता येतं. पण उरलेल्या दिवसांचं काय करायचं हे नकलेला ठाऊक नसतं. ते फक्त त्या माणसाला ठाऊक असतं, आणि ते विचारणं अवघड असतं, कारण विचारायचं तर आधी खरं सांगावं लागतं. आम्ही अवघड प्रश्न टाळला आणि सोपा प्रश्न महाग लॅबला विचारला. टेस्ट नसती तर आम्ही दुसरी कुठलीतरी सबब शोधली असती, हे मला कळतं. पण टेस्ट ही फार प्रतिष्ठित सबब होती. ती शास्त्रीय होती. तिच्यासाठी थांबताना आपण काहीतरी करतोय असं वाटत होतं.

यातली दुसरी बाजूही सांगायला हवी. इरिनोटेकॅनवाली केमो सुरू झाली आणि ती चालली नाही. चार वेळा दिली. जुलाबांनी ती इतकी थकली की बाथरूमपर्यंत जाताना भिंतीला हात टेकायची, आणि डिसेंबरच्या स्कॅनमध्ये डाग वाढलेलेच होते. त्या पेशी बशीत वाढल्या असत्या आणि म्हणाल्या असत्या 'हे चालणार नाही', तर? एका डच अभ्यासात, २०१९ च्या, ऑर्गनॉइडनी इरिनोटेकॅनबद्दलचं भाकीत बऱ्यापैकी बरोबर केलं होतं. म्हणजे ते भरवशाचं 'नाही' आत्याला कदाचित मिळू शकलं असतं, आणि ते तिच्या हातात पडलं असतं तर तिने ते वापरलं असतं. चार केमो वाचवून ती जानेवारीऐवजी सप्टेंबरातच डोंबिवलीला गेली असती. पण ते पडणार होतं आमच्या हातात. आम्ही त्याचं काय केलं असतं मला पक्कं माहीत आहे. आम्ही म्हणालो असतो, एक टेस्टच तर आहे, केमो देऊन तर बघू. कारण 'नाही' ऐकायला आमच्यातल्या कोणीही पैसे भरले नव्हते.

पैशांवरून आणखी एक, आणि इथे मात्र मला राग आहे. त्या डच चाचणीत २३ जणांच्या पेशी वाढल्या नाहीत. त्या पेपरात मोजल्या गेल्या. कोणीतरी पुढे विचार करील की का वाढल्या नाहीत, बायोप्सी कशी घ्यायची, प्रवासात काय होतं. आत्याच्या पेशी वाढल्या नाहीत हे कुठे मोजलं गेलं? कुठेच नाही. आम्हाला एक फोन आला आणि अर्धे पैसे परत आले. जे अजून नीट ठरलेलं नाही ते करून बघण्यात गैर काही नाही, पण मग तो प्रयोग म्हणून करा, पेशंटकडून पैसे न घेता करा, अपयश मोजा. आम्ही बीटा व्हर्जनचे लोकांकडून पैसे घेत नाही, घेतले तर शिव्या खातो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत परळला उपचार घेणारे लोक गावाहून येऊन राहतात, चटईवर फायली पसरून बसलेले असतात. मी तिथे एकदा ओळखीच्या कोणाला डबा द्यायला गेलो होतो. या लोकांच्या गाठींवर जे शिकलं जाईल ते आधी त्यांच्या कामाला यायला हवं, हे मला तिथे जिना उतरताना वाटलं. माझ्यासारखा दोन पगार भरू शकणारा भाचा असणं ही काही वैद्यकीय पात्रता नाही.

आत्या जानेवारीत डोंबिवलीला परत गेली आणि मार्चच्या शेवटी गेली. मधल्या काळात एका रविवारी मी तिला तो सहा पानी फॉर्म वाचून दाखवला, मराठीत करून, प्रत्येक कलम. तिने मधे मधे थांबवून प्रश्न विचारले. उरलेल्या नमुन्याचा चौकोन आला तेव्हा म्हणाली, "म्हणजे अजून आहे माझं त्यांच्याकडे?"

"थोडंसं. फ्रीजमध्ये. नको असेल तर टाकून द्यायला सांगता येतं."

तिने जरा विचार केला. "ठेवू देत. पण त्यातून जे काही निघेल ते लोकांना फुकट देणार असतील तरच. विकणार असतील तर टाकून द्या म्हणावं. असं लिहून घेतात का?"

त्या फॉर्मवर असा चौकोन नव्हता. मी तिच्या शब्दांत मेल लिहिला, खाली तिची सही घेऊन फोटो जोडला, आणि पाठवला. लगेच आपोआप येणारं उत्तर आलं, त्यात एक तिकीट नंबर होता. ती असताना मी त्या नंबरवर दोनदा विचारलं, गेल्यावर एकदा. तिकीट अजून ओपन दिसतंय. या आठवड्यात परत लिहिणार आहे.